कपासाठी कपाट

कपाट दारात अडकलं तेव्हा मॅच सुरू व्हायला अवकाश होता, त्यामुळे सुरुवातीला कोणी फारसं घाबरलं नाही. दाराचे पल्ले आधीच काढून ठेवले होते. उघड्या चौकटीत ते भलंथोरलं काचेचं कपाट बाटलीला बूच बसावं तसं उभंच्या उभं बसलं होतं. पुढची बाजू गल्लीत, मागची बाजू सुतारकामाच्या खोलीत. आत मिस्त्री आणि त्यांचा मेहुणा. खोलीला दुसरं दार नव्हतं. खिडकी होती, पण तिचे गज मिस्त्रींनी स्वतः बसवले होते, म्हणजे ते हलण्याचा प्रश्नच नव्हता.

"दाजी, परत आत ओढू," मेहुणा म्हणाला.

दोघांनी ओढलं. कपाट तसूभरही हललं नाही. वरची महिरप कशीबशी तिरकी होऊन बाहेर गेली होती आणि आता चौकट तिला परत आत येऊ देत नव्हती. खालची बैठक चौकटीपेक्षा रुंद होती आणि बाहेर जायला तयार नव्हती.

"दारं-खिडक्या बनवण्यात तुमचं आयुष्य गेलं," मेहुणा घाम पुसत म्हणाला, "आणि दाराचं माप घ्यायला विसरलात?"

विसरलो नव्हतो, असं मिस्त्रींना सांगायचं होतं. कपाट करायला घेतलं तेव्हा ते या दारातून हसत हसत गेलं असतं. ते नंतर वाढलं, आणि ते का वाढलं हे फुटबॉलशी देणंघेणं नसलेल्या माणसाला समजावणं अवघड होतं.

तो मोसम मिस्त्रींना आजही चेंडूगणिक आठवतो. गावातला संघ पिवळ्या जर्सीचा. साखळी स्पर्धेत तळाला असायचा, आणि तिथे इतकी वर्षं होता की ती जागा त्याच्या नावावर असल्यासारखी झाली होती. मिस्त्री तरीही प्रत्येक मॅचला जायचे, हरलेला संघ बघून यायचे आणि जेवताना म्हणायचे, "आज थोडक्यात गेलं." बायको ताटात वाढता वाढता "हो ना," म्हणायची. किती थोडक्यात गेलं हे तिने कधी विचारलं नाही.

त्या वर्षी मात्र संघ पहिली मॅच जिंकला. लोकांना वाटलं, चुकून झालं असेल. दुसरीही जिंकला. तेव्हा मिस्त्री क्लबच्या सरांकडे गेले. सर म्हणजे संघाचे प्रशिक्षक. शाळेत कवायत शिकवायचे आणि घरीही शिट्टी गळ्यात ठेवायचे. "सर, कप आला तर ठेवणार कुठे?" मिस्त्रींनी विचारलं. असा प्रश्न सरांना आजवर कोणी विचारला नव्हता. मिस्त्रींनी तिथल्या तिथे कपाट करून द्यायचं कबूल केलं. साधंसं, एका कपापुरतं.

पण संघ थांबेना. पुढची मॅच जिंकल्यावर मिस्त्रींना वाटलं, एकच कप्पा फार कद्रूपणाचा दिसेल, म्हणून दुसरा चढवला. गतविजेत्यांना हरवलं त्या आठवड्यात कप चारी बाजूंनी दिसावा म्हणून मागेही काच घातली. मग खांब आले. खांबांना शोभेल अशी बैठक आली. पहिल्या क्रमांकावर पोहोचल्याच्या आनंदात वर कोरीव महिरप बसली. प्रत्येक विजय कपाटात उतरत गेला. संघ एखादी मॅच हरला असता तर कपाट दारातून गेलं असतं.

आता शेवटची मॅच होती, गिरणीच्या संघाशी, आपल्याच मैदानावर. नुसती बरोबरी झाली तरी कप आपला. मॅचच्या आधी कपाट क्लबात नेऊन ठेवायचं आणि मग निवांत खेळ बघायचा, असा मिस्त्रींचा बेत होता.

"काच फोडू," मेहुणा म्हणाला.

"आधी तुझा चष्मा फोडतो."

"मग चौकट कापू."

"काप. वरची भिंत डोक्यावर आली की दोघं वरूनच मॅच बघू."

मेहुणा फळ्यांच्या ढिगावर जाऊन बसला. मिस्त्रींनी खिडकीशी येऊन बायकोला हाक मारली. "अगं, मैदानावर जा आणि चार धडधाकट माणसं घेऊन ये. लवकर."

ती गेली आणि एकटीच परत आली. "येतो म्हणालेत."

"कधी?"

"मॅच संपल्यावर."

गल्लीच्या पलीकडे मैदानाची भिंत होती. तिकडून शिट्टी ऐकू आली. वर्षानुवर्षं हरताना पाहिलेला संघ जिंकायला निघाला होता, आणि मिस्त्री इथे, दोन काचांच्या मागे, हाकेच्या अंतरावर कोंडले गेले होते. त्यांचा चेहरा पाहून बायकोने पदर खोचला, एक रिकामं खोकं भिंतीला लावलं आणि त्यावर चढून उभी राहिली.

"दिसतंय मला," ती म्हणाली. "काय बघायचं ते सांगा."

"काय चाललंय?"

"धावतायत."

"कोण?"

"सगळेच. एक सोडून. तो जाळ्यापाशी नुसता उभा आहे. त्याला खेळायला घेतलेलं दिसत नाही."

"कुठल्या रंगाचा आहे?"

"आपला."

"तो गोलकीपर. तो नुसता उभा आहे ना? मग फार चांगलं चाललंय."

थोड्या वेळाने मैदानातून असा गलका उठला की कपाटाच्या काचा थरथरल्या. मिस्त्रींनी गज घट्ट धरले. "कोणी केला? कोणी केला?"

"पिवळ्यांनी. पण आता सगळे त्या बिचाऱ्याच्या अंगावर पडलेत. मारतायत वाटतं."

"मारत नाहीत, ते प्रेम आहे."

"असं होय," ती म्हणाली. "घरी कधी बघितलं नव्हतं, म्हणून ओळखलं नाही."

मध्यंतरात तिने दोघांना गजांतून पाणी दिलं. पण तिचं लक्ष सारखं भिंतीकडे होतं, आणि शिट्टी वाजायच्या आधीच ती पुन्हा खोक्यावर चढली. उत्तरार्ध सुरू झाला तसा मिस्त्रींना तिच्या बोलण्यात एक बदल जाणवू लागला. आधी ती 'पिवळे' म्हणत होती. आता ती 'आपण' म्हणत होती.

"आपण सगळे पुढेच चाललोय," ती म्हणाली. "तो आडव्या बांध्याचा आहे ना, त्याचं काम मागे थांबायचं आहे की नाही?"

"आहे."

"मग तो तिकडे काय करतोय? मागे सगळं मोकळं पडलंय. गिरणीवाल्यांचा तो उंच मुलगा तिथे एकटाच उभा आहे, पाहुण्यासारखा. अहो, कोणीतरी सांगा त्याला." आणि मग, उभ्या आयुष्यात गल्लीत आवाज न चढवलेली ती बाई भिंतीवरून ओरडली, "अरे, मागे जा!"

कोणी मागे गेलं नाही. चेंडू त्या उंच मुलाकडे गेला. मैदानात एकदम शांतता पसरली, आणि मिस्त्रींना काही विचारावं लागलं नाही.

"बरोबरी चालते आपल्याला," त्यांनी मेहुण्याला सांगितलं. मेहुणा केव्हाच उठून त्यांच्या खांद्याला खांदा लावून खिडकीशी उभा होता. "पण अजून किती वेळ आहे?" त्याने विचारलं.

शेवटची मिनिटं दोघं गजांना कान लावून होते. मग एक विचित्र आवाज आला, अर्धा ओरडल्याचा, अर्धा कण्हल्याचा.

"काय झालं?"

"गोल झाला," बायको म्हणाली.

"कोणी केला?"

"आपल्या कॅप्टनने."

मिस्त्रींनी मेहुण्याला मिठी मारली. मेहुण्याने मिस्त्रींना उचललं. रंध्याच्या भुश्शात दोघं गोल गोल फिरले. टेबलावरचा सरसाचा डबा पडला, त्याचीही कोणी पर्वा केली नाही. फिरता फिरता मिस्त्रींच्या लक्षात आलं, की बाहेर बायको अजून त्यांच्याकडे पाठ करून उभी आहे आणि मैदानातून टाळीसुद्धा ऐकू येत नाही.

"आपल्या कॅप्टनने केला," ती हळूच म्हणाली, "पण आपल्याच जाळ्यात."

नंतर लांब शिट्टी वाजली. मिस्त्री फळ्यांच्या ढिगावर बसले. मेहुणा त्यांच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "थोडक्यात गेलं, दाजी." आयुष्यात पहिल्यांदाच ते खरंच थोडक्यात गेलं होतं.

क्लबकडे जायची वाट याच गल्लीतून होती. खेळाडू माना खाली घालून आले. पुढे सर, त्यांच्या मागे कॅप्टन. तो पोस्टात शिक्के मारायचा. त्या दिवशी कोणीतरी त्याच्यावरच शिक्का मारल्यासारखं त्याचं तोंड झालं होतं. दारातल्या काचेच्या डोंगरापुढे तो थबकला. काचेपलीकडे मिस्त्री उभे होते.

"हे काय?" त्याने विचारलं.

"तुमच्या कपासाठी केलं होतं," बायको म्हणाली. "आत दोन माणसं आहेत, ती तेवढी काढा."

कॅप्टन तसाच उभा राहिला. "वहिनी, माझ्यामुळे गेलं हो."

"तुमचा नेम चांगला आहे," ती म्हणाली. "फक्त तोंड कुठे करायचं ते बघत जा."

गोलकीपर आधी हसला. मग आडव्या बांध्याचाही हसला, आणि शेवटी कॅप्टनलाही हसू आवरेना. सरांनी शिट्टी तोंडात धरली. निम्मे खेळाडू महिरपीला लागले, निम्मे खांबांना. आतून मिस्त्री आणि मेहुणा. शिट्टी वाजली आणि सगळा संघ त्या दिवशी पहिल्यांदाच एका दिशेने लागला. चौकट करकरली, बैठकीची एक कड निघाली आणि कपाट गल्लीत आलं. त्याच्यामागे मिस्त्री आले, डोळे मिचकावत.

आता आणलंच आहे तर क्लबात पोहोचवू, असं कॅप्टन म्हणाला. पिवळ्या जर्सीतल्या मुलांनी ते खांद्यावर घेतलं. मॅचला न गेलेल्या लोकांनी खिडक्यांतून ते पाहिलं आणि काय समजायचं ते समजले. आधी एका गॅलरीतून टाळ्या आल्या, मग समोरच्या दुकानातून, मग सगळ्या रस्त्याने. एका म्हाताऱ्या शिंप्याने तर कॅप्टनचा हात हातात घेऊन डोळे पुसले. खरं काय ते सांगावं, असं प्रत्येकाला वाटत होतं, पण खांद्यावर एवढं ओझं असताना थांबून सांगणार कोण? चालता चालता मुलांच्या माना आपोआप वर झाल्या.

क्लबच्या दारापाशी सगळे थांबले. मिस्त्रींनी एकदा कपाटाकडे पाहिलं, एकदा दाराकडे. टेप काढायचीही गरज नव्हती.

"महिरप कापता येईल," ते खालच्या आवाजात म्हणाले. "खांबही काढता येतील. एका कप्प्याचं साधं करून देतो."

"काही कापायचं नाही," बायको म्हणाली. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. "कपाट आहे तेवढंच राहील. दार मोठं करा. कप यायला अजून वर्ष आहे, तेवढ्यात होईल ना?"

मिस्त्रींनी मान हलवली. तेवढ्यात दोन दारं झाली असती.

"आणि सर," ती पुढे म्हणाली, "सरावाला कुठल्या दिवसापासून सुरुवात आहे? मागच्या फळीबद्दल मला थोडं बोलायचंय."

सरांनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात ठेवली आणि मुलांना तिच्यासाठी खुर्ची आणायला सांगितली.