दिगंबरभाऊंनी मारलेला काटा

समस्त अमरावतीकरांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येतं, की आमचे शेजारी दिगंबरभाऊ यांनी अजूनही कोणावर विश्वास ठेवायला सुरुवात केलेली नाही. उलट काही कानावर आल्यास ती अफवा समजावी.

भाऊ वजनमापे खात्यातून निवृत्त झाले, पण त्यांच्या खिशातलं शंभर ग्रॅमचं लोखंडी माप काही निवृत्त झालं नाही. भाजीवालीच्या तराजूत आधी ते पडतं, मग वांगी. कुठं काही खटकलं, की भाऊंचं एकच वाक्य: "काटा मारला!" पंगतीत माझ्या पानात बुंदी जास्त पडली, काटा मारला. अकोल्याची बस वेळेवर सुटली, तरी काटा मारला. "वेळेवर कावून सोडली? कोणाले तरी मांगं ठेवाचं असन!"

त्या घरात बिनधास्त माणूस एकच, कुसुमवहिनी. पहाटे साडी खोचून, कॅनव्हासचे बूट घालून वहिनी पळतात आणि मागून भाऊ धापा टाकत जातात. का, तर म्हणे बाईमाणसाच्या मागं कुत्रे लागतात. वहिनींच्या मागं लागायची हिंमत असलेला कुत्रा मी तरी अजून पाहिलेला नाही.

यंदा वहिनींनी चिखलदऱ्याच्या घाटातली मॅरेथॉन मनावर घेतली. "मी बी पयतो," भाऊ लगेच म्हणाले. "जाऊ तं दोघंही जाऊ."

पण धावणारे उदंड आणि जागा मोजक्या, म्हणून सोडत होती. नियम साधा होता: एका घरच्या नवरा-बायकोची एकच चिठ्ठी, निघाली तर दोघांचाही नंबर. भाऊंना तिथंच वास आला. "दोन माणसं अन् एक चिठ्ठी? काटा मारला!" त्यांनी गुपचूप स्वतःचा पत्ता अकोल्याच्या साळ्याच्या घरचा दिला. आता चिठ्ठ्या दोन. माप पुरेपूर!

सोडत परतवाड्याच्या मंगल कार्यालयात झाली. वहिनी होत्याच, मला साक्षीदार म्हणून नेलं होतं. भाऊ सरळ मंचावर चढले, चिठ्ठ्यांचं रिकामं पिंप उलटं करून तळ ठोकून पाहिला, मग एक चिठ्ठी तळहातावर तोलली.

"हे जड लागून राहिली."

"भाऊ, कागद आहे तो, सोनं नाही," संयोजक म्हणाले.

"म्हणूनच तं पुसतो!"

शेवटी भाऊंच्या देखरेखीखाली एकूण एक चिठ्ठीला सारख्या घड्या पडल्या. इतकी निर्मळ सोडत वऱ्हाडात झाली नसेल.

कुसुमवहिनींची चिठ्ठी निघाली. टाळ्या पडल्या. मग जागा संपल्या, आणि अकोल्याचे दिगंबरभाऊ पिंपातच राहिले.

भाऊ उठले. मी कानात बोटं घालायच्या तयारीत. पण ते वाक्य आलंच नाही. "पुन्हा काढा ना," ते पुटपुटले.

"आता कावून? घड्या तं तुमीच घालायले लावल्या!" संयोजकांना चेव आला. "वैनीचा नंबर लागला, पेढे वाटा! का घाटात एकटी जाईन म्हणून भेव वाटते?"

सभागृह हसलं. भाऊंनी खिशातलं माप मुठीत घट्ट धरलं आणि वहिनींकडे पाहिलं.

"तिले काय व्हते घाटात? थे मस्त पयते!" भाऊ भर सभेत ओरडले. "मलेच करमत नाही ना तिच्याबिगर!"