दारातल्या चपलांची मोजणी

भाऊसाहेब निकम पहिल्यांदा आमच्या दारात आले तेव्हा त्यांनी नमस्कारच केला नाही. ते खाली बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. मग मान वर करून म्हणाले, "तुमी दोघंच ऱ्हाता, आसं अमोल म्हणत हुता. हितं तर तीन माणसांच्या चपला हायत."

लॉकडाउनचे दिवस होते. कुणी कुणाकडे जायचं नाही असा सरकारी नियम, आणि कॉर्क शहरातून आलेला माझा मावसभाऊ आत स्वयंपाकघरात पोहे हाणत बसलेला. मी म्हटलं, "काका, जुन्या आहेत त्या. पडून असतात."

भाऊसाहेब गुडघ्यावर हात ठेवून वाकले. "जुन्या चपलेवर धूळ असती. ह्याच्यावर न्हाई. नोंद घ्या," असं म्हणून सुनेनं पाठवलेला लिंबाच्या लोणच्याचा डबा माझ्या हातात देऊन ते निघून गेले. मावसभावानं त्यानंतर आमच्याकडे आल्यावर बूट पिशवीत घालून आत न्यायला सुरुवात केली.

हे आमच्या शेजारच्या अमोलचे वडील. बार्शी नगरपालिकेच्या घरपट्टी खात्यात चौतीस वर्षं घालवून रिटायर झालेले. नातीला भेटायला म्हणून २०२०च्या फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी ओंगारला, आमच्या या आयरिश उपनगरात आले, मागोमाग विमानं बंद पडली आणि भाऊसाहेब इथेच अडकले. सामानात लोकांच्या वडिलांकडे असतो तसा च्यवनप्राश होताच, पण मोजणीची टेपही होती. "टेप कशाला आणलीत?" असं मी विचारलं, तर म्हणाले, "डॉक्टर गावाला जाताना स्टेथास्कोप घरी ठिवतो का?"

लॉकडाउनमध्ये फिरायला जाणारे बाकीचे लोक झाडं बघायचे, भाऊसाहेब घरं बघायचे. हे वाढीव बांधकाम, ते गॅरेजचं खोलीत रूपांतर, त्या तिकडच्याला माळ्यावर खिडकी काढल्यामुळे आकारणी वाढणार. त्यांच्या बोलण्यात सगळं आयुष्यच नोटिशीच्या भाषेत यायचं. आमटी खारट झाली असं सून म्हणाली, तर हे म्हणायचे, "हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी द्यावी." नात इरा सात वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तरं अस्सल आयरिश हेल काढून इंग्रजीत देते. तिला मात्र 'हरकत' हा शब्द चोख पाठ झाला होता. झोपायची वेळ झाली की वरून ओरडायची, "आजोबा, आय हॅव अ हरकत!"

बार्शीचे त्यांचे किस्से ऐकत राहावेत असे. घरपट्टीचा माणूस आला की लोक काय काय करायचे! एकानं नव्या हॉलमध्ये शेजाऱ्याची शेळी आणून बांधली आणि हा गोठाच आहे म्हणून शपथ घेतली. "शेळी बिचारी टीव्हीकडं बघत हुती," भाऊसाहेब म्हणाले. म्हणून त्यांनी आपलं शास्त्र तयार केलं. माणसांना काही विचारायचं नाही, दारातल्या चपला मोजायच्या. घरात किती माणसं नांदतात ते चपला सांगतात. फक्त धुळीच्या मोजायच्या नाहीत. हाताखालच्या पोरांना त्यांनी हेच शिकवलं.

आता एवढ्या चपलातज्ज्ञाची एक गोष्ट मला कळत नसे. स्वतःच्या कोल्हापुरी ते अमोलच्या दारात कधीच ठेवत नसत. काढायच्या, पिशवीत घालायच्या आणि वर आपल्या चिमुकल्या बॉक्स रूममध्ये न्यायच्या, अगदी माझ्या मावसभावासारख्या. मी एकदा चिडवलं, "काका, ओंगारमध्ये कोल्हापुरी चोरायला कोण बसलंय?"

"आमी तात्पुरते," ते म्हणाले. "तात्पुरत्या माणसाची मोजणीत नोंद नसती."

मी हसले. तेव्हा हसण्यासारखंच वाटलं होतं.

दीड वर्ष असंच गेलं. २०२१च्या शरदात सगळ्या घरमालकांना महसूल खात्याचं पत्र आलं. मालमत्ता कर नव्यानं ठरणार होता. भाऊसाहेबांनी ते पत्र पट्टी ठेवून तीनदा वाचलं, अडलेले शब्द इराला विचारले आणि तडक माझ्याकडे आले. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. कॅमेरा बंद करावा लागला.

"ह्ये बरोबर वाचलं का मी? घराची किंमत मालकानंच सांगायची?"

"हो काका. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला आपलं घर विकलं तर किती येतील ते आपण ठरवायचं. किमतींचे पट्टे आहेत. आपला पट्टा निवडायचा, त्याप्रमाणे कर. त्यांनी अंदाज दिलाय, पण तो चुकीचा वाटला तर बदलायचा."

"आन् मोजायला कोण येतंय?"

"कुणी नाही."

भाऊसाहेब खुर्चीत बसले. चोराला तिजोरीची किल्ली देणारं सरकार त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. "मग लोक शेळ्या बांधत न्हाईत?" त्यांनी अगदी मनापासून विचारलं.

दुसऱ्या दिवसापासून तपास सुरू झाला. पलीकडे मॉरीन राहते, सत्तरीची, नवरा गेल्यापासून एकटी. तिच्या घरामागे जास्तीची एक खोली काढलेली. भाऊसाहेब कुंपणापाशी जाऊन उभे राहिले, दुभाषी म्हणून मला बरोबर घेतलं. "त्यांना विचारा, कुठला पट्टा लावला?"

"आह, इट्ल बी ग्रँड," मॉरीन म्हणाली, म्हणजे होईल सगळं ठीक.

"ग्रँड म्हणजे कितवा?"

मॉरीननं पत्रच आणून दाखवलं. खात्याच्या अंदाजापेक्षा एक पट्टा वर तिनं खूण केली होती, मागच्या खोलीमुळे. खात्याला ती खोली ठाऊकच नव्हती. भाऊसाहेबांनी ती खूण दोनदा बघितली. मला म्हणाले, "विचारा, का? कुणी बघाय येणार न्हाई."

मॉरीननं खांदे उडवले. "शुअर, हू वुड आय बी कॉडिंग?"

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, फसवायचं तर कुणाला?"

भाऊसाहेब त्या दिवशी घरी परत जाताना एकाही घराकडे बघत नव्हते.

आता विमानं सुरू झाली होती आणि त्यांचं डिसेंबरचं परतीचं तिकीट निघालं होतं. अमोल म्हणत होता, "बाबा, राहा. कागदपत्रांचं मी बघतो. तिकडे एकटे काय करणार?" भाऊसाहेब प्रत्येक वेळी तेच उत्तर द्यायचे, "माझं घर हाय की बार्शीला. चालू घर हाय." इरा तर तिकिटाचा विषय निघाला की जिन्यात जाऊन बसायची.

अशात बार्शीहून पुतण्यानं व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. नगरपालिकेची दरवर्षीची प्रस्तावित कराची नोटीस दाराला चिकटवली होती. रक्कम वगैरे नेहमीचीच. पण शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईनं लिहिलं होतं, 'घर बंद'.

"हरकत घ्यायची," भाऊसाहेब म्हणाले. आवाज चढलेला होता. "लॅपटॉप काढा."

मी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ते सांगतील तसं टाइप करू लागले. "सदर घर बंद नसून मालक तात्पुरते परगावी आहेत. दारात चपलांचे दोन जोड असून…" इथे ते थांबले. फोटो बोटांनी मोठा करून बघत राहिले. मीही बघितला. उंबऱ्याशी एक मोठा जोड होता, आणि शेजारी एक लहान, अंगठ्याचा, बायकी. दोन्हींवर धुळीचा जाड थर.

"ही लहान आमच्या हिची," ते म्हणाले. "सहा वर्षं झाली जाऊन. मी रोज सकाळी पुसत हुतो. येणाऱ्याजाणाऱ्याला घर दोन माणसांचं दिसावं म्हणून." त्यांनी बोट लाल शाईवर नेलं. "ह्यो शेरा ज्यानं लिवलाय ना, त्यो माझ्याच हाताखाली शिकला. बरोबर लिवलंय पोरानं. धुळीच्या मोजायच्या न्हाईत."

तात्पुरतं म्हणून त्यांनी पावणेदोन वर्षं आपल्या चपला पिशवीत का ठेवल्या, ते मला त्या टेबलाशी कळलं. इथे नोंद झाली की तिकडचं घर बंद.

"अर्ज पाठवायचा ना काका?"

"नगं. चौतीस वर्षं कुणाचं खोटं चालू दिलं न्हाई." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "आन् आता फसवायचं तरी कुणाला?"

त्यांनी पुतण्याला फोन लावला. काकूंच्या चपला आत घे, पुसून कपाटात त्यांच्या साड्यांपाशी ठेव, एवढंच सांगितलं आणि फोन ठेवला.

आठवड्याभरानं मी त्यांच्याकडे लोणच्याचा कधीचा राहिलेला डबा परत द्यायला गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. सवय वाईट, मी खाली बघितलं. अमोलचे बूट होते, सुनेचे कामावरचे बूट होते, इराचे चिखलानं भरलेले गमबूट होते. त्यांना लागून कोल्हापुरींचा एक जोड होता. मी गुडघ्यावर हात ठेवून वाकले. त्यांच्यावर धूळ नव्हती.

आतून भाऊसाहेबांचा आवाज आला, "कोण हाय? किती भरल्या?"

"चार माणसांच्या, काका."

मग म्हणाले, "नोंद घ्या."