फुगीर अक्षरांची लग्नपत्रिका

अक्षर हे वाचण्यासाठी असते, हा समज फक्त मागासलेल्या समाजातच टिकून राहतो. पिंपरी-चिंचवडने तो १९७४ सालीच मोडीत काढला, आणि त्याचे श्रेय मुकुंदाला द्यावे लागेल.

मुकुंद पिंपरीच्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन. दिवसभर पट्टी लावून सरळसोट अक्षरं काढायची (अक्षर वाकलं की साहेब वाकड्यात शिरत). एकदा त्याच्या हाती विलायती रेकॉर्डचं कव्हर लागलं. त्यावर नारिंगी, जांभळी, फुगीर अक्षरं एकमेकांच्या अंगावर रेलली होती, पंगत उठल्यावर पाहुणे रेलतात तशी. गडी वेडाच झाला. त्याने ती मराठीत आणली. कान्याला पोट सुटलं, वेलांटी खालच्या ओळीत उतरली, अनुस्वाराचा फुगा झाला. पहिला मान अर्थातच स्वतःच्या लग्नपत्रिकेला मिळाला.

आई कुसुमताईंनी पत्रिका उलटसुलट करून पाहिली. "चित्र झ्याक हाय रं. पर लगीन कुठं हाय?"

"आई, हे वाचायचं नसतं. बघायचं असतं."

वडील उद्धवराव पाहुणे मोजत होते. उस्मानाबाद सोडल्यापासून घरातलं हे पहिलंच कार्य. भाऊबंद लांब राहिले. निदान कंपनीची माणसं तरी मांडवात दिसावीत, एवढीच त्यांची इच्छा. त्यांनी खुर्च्या जास्तीच्या सांगितल्या.

कंपनीत पत्रिकेचं जोरदार स्वागत झालं. (स्तुती करणारे: सगळे. लग्न कुठे, असं विचारणारे: कोणी नाही. विचारून अडाणी कोण ठरणार?) मॅनेजर सुरेंद्रसाहेबांनी तर ती टेबलाच्या काचेखाली ठेवली. वधूपिता मोशीचे रंगराव मात्र जुन्या वळणाचे. त्यांनी दारोदार अक्षत देऊन तोंडी आवतण दिलं.

मुहूर्ताला चिंचवडच्या मंगल कार्यालयात अख्खी मोशी लोटली. वराकडच्या खुर्च्या ओस. उद्धवराव फेटा बांधून दारात उभे होते, ते मंगलाष्टकं संपली तरी उभेच. मुंडावळ्यांतून मुकुंदाला बापाची पाठ तेवढी दिसत होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रजा संपवून तो कामावर गेला, तर सगळं ऑफिस खूश. "जिलबी काय होती, राव!" (मुकुंदाकडे लाडू होते.) मंडळी पिंपरीत जिथे सनई ऐकू आली तिथे शिरली होती, आणि अक्षता टाकून, पोटभर जेवून परतली होती.

"स्टेजवर येऊन हातसुद्धा मिळवला की," सुरेंद्रसाहेब म्हणाले. "पण मुंडावळ्यांत तू ओळखूच येईनास. जरा जाडही वाटलास."

खरं काय ते मुकुंदाच्या अगदी ओठावर आलं होतं. तेवढ्यात साहेब म्हणाले, "आमच्या मुलीच्या, चित्राच्या, लग्नपत्रिकेला हीच अक्षरं हवीत हं!" त्याने ओठ मिटले आणि होकारार्थी मान हलवली.

पुढे चाकणपर्यंत तीच अक्षरं गेली. एकही मांडव रिकामा राहिला नाही. कोणी ना कोणी येऊन जेवतच होतं. उद्धवराव तेवढे अजून पत्रिका हातात पडली की आधी विचारतात, "कुठं?" लोक त्यांना हसतात.

तुम्हीही हसलात. मग सांगा बरं, परवा ज्याच्या लग्नात जिलबी दोनदा मागून घेतलीत, तो नवरदेव कोण होता?