मॅडमवाला खर्रा

मुखरूभाऊंची मुलाखत बेचाळीस मिनिटं चालली आणि त्यात समजण्यासारखे शब्द निघाले अकरा. बाकी सगळं 'उं', 'म्म' आणि मधूनमधून पिचकारी. दिव्यानीने ते रेकॉर्डिंग तिसऱ्यांदा ऐकलं आणि डोकं वहीवर टेकलं.

ती सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर वर्गात सामाजिक आणि वर्तनशास्त्र शिकत होती. माणसाला कळतं पण वळत नाही, ते का, याचं शास्त्र. प्रबंधाचा विषय तिनेच हौसेने निवडला होता : तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडण्याची मानसिक तयारी. त्यासाठी मूल शहराजवळच्या या तलावाकाठच्या गावात, आशा कार्यकर्ती इंदुताईंच्या घरी ती महिनाभर राहायला आली होती. बारा मुलाखती हव्या होत्या. दहा दिवसांत झाली होती ही एक.

नागपूरहून गाईड सरांचा फोन आला.

"मी उतारा वाचला. प्रश्न सहावा, उत्तर 'उं'. हा 'उं' होकारार्थी की नकारार्थी?"

'खर्रार्थी' हा शब्द दिव्यानीने मोठ्या कष्टाने गिळला. "सांगता येत नाही, सर."

"मग पुन्हा घ्या. तोंड रिकामं असताना."

दुसऱ्या दिवशी तिने मुखरूभाऊंना चूळ भरायला लावली आणि समोर बसवलं. तलावात जाळं टाकण्यात जन्म गेलेला हा साठीचा माणूस. खर्ऱ्याने जबडा असा आखडलेला, की दोन बोटांपलीकडे उघडत नव्हता.

"भाऊ, सोडावा असं कधी वाटलं?"

मुखरूभाऊंचा हात खिशातल्या पुडीकडे गेला. "मॅडम, काईच सुचून नाई राह्यलं."

"आठवून सांगा."

"खर्रा खाल्ला का आठवते."

सातव्या मिनिटाला ते "येतो जी" म्हणून उठले, ते आलेच नाहीत.

"घरी बोलावून काय होते, बाई?" इंदुताई तांदूळ पाखडता पाखडता म्हणाल्या. "तोंडात खर्रा असला का मानूस बोलत नाई, नसला का त्याले बोलवत नाई. तू पोचूच्या पानठेल्यावर जा. पह्यला थुंकला अन् दुसरा घोटून होऊन राह्यला, तेवढ्या मधातच पकड."

दिव्यानीला हे पटलं. पोचू प्लॅस्टिकच्या पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना घालून घोटायला लागला, की गिऱ्हाइकाचं तोंड पाच मिनिटं रिकामं असे आणि मन प्रसन्न. पहिल्याच सकाळी दोघे जण घडाघडा बोलले. फक्त पाच मिनिटं कमी पडत होती.

"पोचूभाऊ, जरा हळू घोटाल का?"

"घोटतो ना जी. माह्यं काय जाते?"

पोचू एकेक पन्नी पंधरा मिनिटं घोटू लागला. घोळ इथेच झाला. इतका घोटलेला खर्रा गावाने कधी खाल्ला नव्हता. "लोण्यासारखा झाला बे!" अशी बातमी शेजारच्या दोन गावांत गेली. माणसं मोटारसायकलींवरून येऊ लागली. आल्याआल्या हात पुढे करत, "कागद द्या मॅडम, सही कुठी करू?" मुलाखतीच्या संमतीपत्रावर सही केली की चांगला खर्रा मिळतो, असा सार्वत्रिक समज झाला होता. चौथ्या दिवशी ठेल्यावर पुठ्ठा लटकला : 'येथे मॅडमवाला खर्रा मिळेल.'

"तो पुठ्ठा काढा, पोचूभाऊ!"

"काढतो जी. हात मोकळे झाले का काढतो."

ते कधी मोकळे झालेच नाहीत. रोज दोन खाणारे मुखरूभाऊ पाचवर गेले.

"भाऊ, अहो, कशाला इतके?"

"तुमाले मुलाखत पायजे ना? तुमच्यासाठीच खाऊन राह्यलो."

बाराच्या जागी अठ्ठावीस मुलाखती झाल्या. सोडायच्या तयारीतला एकही नव्हता. सुरू करायच्या तयारीतले तिघे निघाले. हे सरांना कसं सांगायचं, या विचाराने दिव्यानीला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. शेवटच्या दिवशी वैतागून, निव्वळ राहिला म्हणून, तिने पोचूलाच विचारलं.

"तुम्ही दिवसाला किती खाता?"

"मी? मी नाई खात आता."

दिव्यानीचा पेन थांबला. "कधीपासून?"

"तुमी ठेल्यावर बसायले लागल्या तवापासून."

तिने वहीचं नवं पान उघडलं. अख्ख्या महिन्यात एक तरी माणूस! "माझे प्रश्न ऐकून विचार बदलला का, भाऊ?"

"प्रश्न ऐकायले फुरसत कुठी जी? दिवसभर दुसऱ्याचाच घोटून राह्यलो. दोनी हात गुतलेले. खायाले टाइमच नाई भेटला. चार दिवस डोकं दुखलं, मंग भुलूनच गेलो." घोटणं न थांबवता तो हळूच म्हणाला, "परवा झिंग्याची तिखट चटणी खाल्ली. सहा वर्षांनी. तोंड नाई जळलं."

दिव्यानीला हसावं की रडावं कळेना. तिने तिथूनच सरांना फोन लावला.

"एकाने सोडला, सर. कामात गुंतल्यामुळे."

"उत्तम! शिफारशींत पहिली हीच घाला. गावोगावी लोकांना हेच काम द्यावं. कसलं काम करतो तो?"

समोर रांगेत सतरा जण उभे होते.

"हस्तोद्योग आहे, सर," दिव्यानी म्हणाली आणि फोन ठेवला.