करारात न बसणारा प्राणी

सोमवारी सकाळी सव्वासहाला ग्रंथपाल अस्वल व्हायचे. हात जमिनीवर, पाय जमिनीवर, कंबर वर, आणि हॉलच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत धबाधब बारा फेऱ्या. मंगळवारी बेडूक, बुधवारी बिबट्या, गुरुवारी मगर, शुक्रवारी माकड. शनिवार-रविवार माणूस.

हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते वाचनालयातल्याच एका पुस्तकामुळे. रानटी प्राण्यांसारखं चाला, पाठ ठणठणीत होईल, असं त्यात चित्रांसकट लिहिलं होतं, आणि नऊ वर्षांत ते कोणीही घरी नेलं नव्हतं. ग्रंथपालांनी नेलं. माणूस पद्धतशीर. त्यांनी प्रत्येक प्राण्याचं वेगळं कार्ड केलं आणि त्यावर वार, वेळ, शेरा असे रकाने आखले. आणि खरं सांगायचं तर तीन आठवड्यांत चमत्कारच झाला. ज्या माणसाला बुटाची नाडी बांधायला बायको लागायची, तो एका पायावर उभा राहून मोजा चढवू लागला. ग्रंथपाल इतके हरखले की दिवसातून चारदा बायकोला वाकून दाखवायचे. ती "कळलं, कळलं" म्हणायची, पण मनातून तिलाही बरं वाटायचं.

हा तमाशा बघायला खिडकीजवळच्या खुर्चीत ग्रंथपालांचे बाबा असत. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून सहा महिने त्यांचा प्रवास पलंग ते खुर्ची एवढाच, तोही कोणाचा तरी हात धरून. शेजारी घंटी ठेवलेली. घंटी वाजली की पाणी, पेपर, चष्मा, जे हवं ते हजर. दुपारी नवरा-बायको दोघंही कामावर, म्हणून तेवढ्यापुरतं सगळं त्यांच्या हाताशी मांडून ठेवलेलं असे. फक्त गोड नाही. साखर डॉक्टरांनी बंद केली होती, त्यामुळे बिस्किटांचा डबा स्वयंपाकघरातल्या खालच्या कपाटात, भांड्यांच्या मागे. तो हल्ली फार लवकर रिकामा व्हायचा, आणि त्यावरून नवरा-बायको एकमेकांकडे संशयाने बघायचे.

"कंबर वर घे," बाबा खुर्चीतून सांगत. "अस्वल कुठलं, हरवलेली चप्पल शोधणारा माणूस वाटतोयस."

असं सगळं झकास चाललं होतं, आणि एक दिवस दाराखालून चिठ्ठी सरकली.

खालच्या मजल्यावर मालकीणबाई राहत. निवृत्त संगीतशिक्षिका. कान असे तिखट की वर चमचा पडला की डाव, हे खाली बसून सांगत. चिठ्ठीत लिहिलं होतं, "तुमच्याकडे चार पायांचा प्राणी आहे. वजन अंदाजे सत्तर किलो. करारातलं कलम सात वाचावं." कलम सात म्हणजे घरात कोणताही प्राणी ठेवता येणार नाही. करार महिनाअखेरीला संपत होता, आणि हे घर जाऊन मुळीच चालणार नव्हतं. समोरच्या दवाखान्यातले डॉक्टर नुसती हाक मारली की जिना चढून बाबांना बघायला येत. असं घर पुन्हा कुठे मिळणार?

"मग सांगून टाका ना, की तो प्राणी तुम्हीच आहात," बायको म्हणाली.

घोडं नेमकं इथेच अडलं. दोन महिन्यांपूर्वी मालकीणबाई वाचनालयात बसल्या बसल्या बोटांनी टेबलावर ताल धरत होत्या, तर ग्रंथपालांनी त्यांना सगळ्यांदेखत सुनावलं होतं, की शांतता पाळता येत नसेल तर बाहेर बसा. आता त्याच बाईंना कुठल्या तोंडाने सांगायचं, की भल्या पहाटे तुमच्या डोक्यावर धबाधब करणारा तो मीच? त्यांनी लिहून कळवलं की तो आवाज बाबांची खुर्ची सरकवण्याचा आहे.

संध्याकाळी उलट चिठ्ठी आली. "खुर्चीला धाप लागत नाही."

मग ग्रंथपालांनी युक्ती काढली. हातापायांत लोकरीचे मोजे. आवाज खरोखर गेला, पण त्याबरोबर पकडही गेली. बुधवारचा बिबट्या तिसऱ्या फेरीला जो घसरला तो थेट कपाटावर जाऊन आदळला आणि वरची बॅग त्याच्या पाठीत पडली. ग्रंथपाल कळवळले. दुपारपर्यंत चिठ्ठी हजर. "प्राणी जखमी आहे. मुक्या जिवाला मारणं मला कोणत्याही कलमात चालत नाही."

आता मात्र ग्रंथपालांनी व्यायामच बंद केला. चार दिवसांत पाठ पुन्हा आखडली, नाडी पुन्हा बायकोकडे गेली, आणि घरात सुतकी शांतता पसरली. त्या शांततेनेच मालकीणबाईंची खात्री पटली. "प्राणी लपवला आहे. रविवारी दहाला बघायला येते. सापडला तर करार पुढे नाही."

रविवारी त्या आल्या. पलंगाखाली वाकून बघितलं, बाथरूम बघितलं, गॅलरीतली बादली उचलून बघितली. प्राणी नव्हताच, तर सापडणार कुठून? बायकोने सुटकेचा श्वास सोडला, तेवढ्यात बाईंनी टेबलाचा खण ओढला आणि कार्डं बाहेर काढली.

"अस्वल, सोमवार, वीस मिनिटं. बिबट्या, बुधवार, शेरा: डावा पंजा कच्चा," त्या वाचत गेल्या आणि त्यांचा आवाज बारीक होत गेला. "पाच आहेत?"

ग्रंथपालांना दरदरून घाम फुटला. आता लाज धरून बसण्यात अर्थ नव्हता. त्यांनी सगळं सांगितलं: पुस्तक, पाठ, मोजे, सगळं. बाईंचा विश्वास बसेना. पन्नाशीचा गृहस्थ, वाचनालयात कोणी खोकला तरी डोळे वटारणारा, तो बेडूक कसा होईल? शेवटी त्याच म्हणाल्या, "मी खाली जाऊन ऐकते. तुम्ही करून दाखवा."

बायको निरोप द्यायला जिन्यात उभी राहिली. ग्रंथपालांनी आखडलेल्या पाठीनिशी, घरासाठी, जीव तोडून अस्वल केलं. खालून आवाज आला, "हे सोमवारचं. पुढचं." बेडूक झाला, बिबट्या झाला, माकडही झालं. बाईंचं एकही चुकलं नाही. चौथ्या प्राण्यानंतर, मगर बाकी असतानाच, ग्रंथपाल फरशीवर आडवे पडले, पण पाठ मोकळी झाली होती आणि चेहरा नुसता फुलला होता.

मालकीणबाई वर आल्या त्या हसू दाबतच. "मी दोन बोटं वाजवली तर मला बाहेर काढलंत," त्या म्हणाल्या.

"चुकलं माझं," ग्रंथपाल आडव्यानेच म्हणाले, आणि ते अगदी मनापासून होतं.

"असू दे. घर तुमचंच. पण एक राहिलं. रोज दुपारी तीनला कोण असतं? सरपटत जातं, मध्ये थांबतं, मग कपाटाचं दार वाजतं. मला वाटलं, याचं पिल्लू असेल."

दुपारी तीनला घरात एकच माणूस असे. तिघांनीही खिडकीकडे बघितलं. बाबांनी घाईघाईने पेपर तोंडासमोर धरला.

"मगरीत गुडघ्यावर भार येत नाही," पेपरामागून आवाज आला. "आणि माझी कंबर तुझ्यापेक्षा बरी वळते."

रागवावं की रडावं, ग्रंथपालांना कळेना. सहा महिने जो माणूस हाताला धरल्याशिवाय हलला नव्हता, तो रोज एकटा स्वयंपाकघरापर्यंत जाऊन येत होता. बायकोने मात्र खालच्या कपाटातून डबा काढला आणि सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला.

बुधवारी ग्रंथपाल कामावरून परतले तेव्हा मालकीणबाई फाटकातच त्यांची वाट बघत होत्या. डोळे चमकत होते.

"आज तीनला नवीनच ऐकलं," त्या घाईघाईने म्हणाल्या. "आधी खुर्ची सरकत सरकत स्वयंपाकघरात गेली. तिच्या मागे दोन पाय. दोनच. मग बराच वेळ काही नाही, मी खाली श्वास रोखून बसलेली. आणि मग डब्याचं झाकण."

ग्रंथपाल दोन दोन पायऱ्या गाळत वर गेले. बाबा खुर्चीत होते, पेपर वाचत होते, आणि मिशीला चुरा होता. ग्रंथपालांनी खणातून कोरं कार्ड काढलं, त्यावर लिहिलं: माणूस, रोज, दुपारी तीन. मग स्वयंपाकघरात जाऊन बायकोला हळूच विचारलं, "उद्या डबा कुठे ठेवायचा?"



"बिस्किटं बिनसाखरेची आणू," ती म्हणाली, "आणि डबा खाली, मालकीणबाईंकडे."