दहा बाटल्यांचा दाब

सत्त्याण्णव सालच्या मे महिन्यात प्रयोगशाळेतलं जंतू वाढवायचं गरम कपाट बिघडलं आणि मृदुलाने आपल्या दहा सीलबंद बाटल्या नागरवाड्यातल्या घरी आणल्या. त्या दिवसांत बडोद्यातलं कुठलंही घर गरम कपाटच असतं.

"बाबा, हात लावू नका हं. यात लोखंड आणि गंधक असलेल्या दगडाची पूड आहे. पाच बाटल्यांत जिवंत जंतू, पाचांत उकळून मारलेले. जिवंत जंतू हवेशिवाय दगड विरघळवतात, असं माझं म्हणणं. आमचे गाइड पंड्यासर म्हणतात, अशक्य. सोमवारी ते बघायला येणार, तेव्हा दिसलं नाही तर संशोधनाचा विषय बदलायचा. सात महिने पाण्यात!"

"आणि हे जंतू खातात काय?"

"वर गॅस भरलाय, दाबून."

पुढचं विश्रामरावांनी ऐकलंच नाही. प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यात तीस वर्षं बॉयलर तपासलेला माणूस तो. बंद भांडं, आत दाब, बाहेर उकाडा, आणि सेफ्टी व्हॉल्व्ह नाही! पोरीच्या तोंडावर काच फुटली तर? रविवारी ती बाहेर पडताच त्यांनी इंजेक्शनची सुई आणली आणि एकेका रबरी बुचात खुपसली. पाच बाटल्यांनी 'फुस्स' केलं, पाच गप्पच राहिल्या. विश्रामरावांचा जीव भांड्यात पडला.

सोमवारी सकाळी तो जीव भांड्यातून पुन्हा बाहेर आला. गप्प राहिलेल्या पाचही बाटल्यांतलं पाणी गंजासारखं तांबूस झालं होतं. त्यांनी घाईघाईने बाटल्यांच्या टोपलीवर पंचा टाकला, आणि तेवढ्यात पंड्यासर दारात उभे.

सरांनी पंचा उचलला, एक बूच उजेडात धरलं. "आ काणां कोणे पाड्यां?"

मृदुलाने वडिलांकडे पाहिलं. ती ओरडली असती तर परवडलं असतं. ती नुसती खाली बसली, आणि विश्रामरावांना भडभडून आलं.

"भोकं मीच पाडली, साहेब. पोरीला सांभाळून घ्या. या पाचांतला गॅस आधीच संपला होता, म्हणून हवा आत शिरली आणि पाणी गंजलं."

"आधीच संपला?" मृदुला ताडकन उठली. "सर, तांबूस पाच म्हणजे जिवंत जंतूंच्याच! गॅस त्यांनी खाल्ला. आणि दगडातलं लोखंड पाण्यात आलंच नसतं, तर हवेने गंजलं काय?"

सरांनी चष्मा पुसला. "अने बाकीच्या पाच? तिथे हवा गेली नसेल. विश्रामभाई, सुई आणा. यांतही बराबर हवा भरा."

विश्रामरावांनी हवा भरली. मग चहा झाला, जेवण झालं, सरांची डुलकीही झाली. मेलेल्या जंतूंच्या बाटल्यांतलं पाणी नितळच राहिलं.

"विषय तोच ठेव, बेटा," सर म्हणाले. "पण पक्कं करायला नव्या बाटल्या, नवे सात महिने."

मृदुलाला हसावं की रडावं कळेना. विश्रामरावांना मात्र हुरूप आला. "कपाट दुरुस्त होईपर्यंत बाटल्या इथेच ठेवा, साहेब. मी राखण करीन."

"ना ना, माझ्या घरी," सर घाईने म्हणाले. "माझे बापुजी पोस्टात होते. बंद पाकीट कधी फोडत नाहीत."