चुलीमागच्या भिंतीची नक्षीदार पट्टी

एका जंगलात, बाळांनो, सगळ्यांना दोन वेळचं पोटभर जेवायला मिळत होतं. त्यामुळे कोणी काय खाल्लं हे विचारणं बंद झालं होतं आणि कोणी कुठे बसून खाल्लं हे विचारणं सुरू झालं होतं.

त्या जंगलात एक टिटवी होती. तिला स्वतःचं घर नव्हतं. टिटवी उघड्या माळावर चार खडे मांडते आणि त्यातच अंडी घालते, हे तुम्हाला शाळेत शिकवलं असेल. तरी दुसऱ्यांची घरं कशी असावीत हे तिला नेमकं ठाऊक होतं. ती रोज एकेकाच्या स्वयंपाकघरात डोकावायची आणि मग आकाशात जाऊन ओरडायची.

"सशांच्या चुलीमागे सागवानी पट्टी! काय ती नक्षी! ज्या स्वयंपाकघराला पट्टी नाही ते स्वयंपाकघर नव्हे, भट्टी आहे भट्टी!"

झालं. सगळं जंगल आपापल्या भिंतींकडे बघू लागलं. त्या भिंती आजोबा-पणजोबांपासून तिथेच होत्या, पण तोवर त्या कोणाला दिसल्या नव्हत्या.

त्र्यंबकराव साळिंदरांनाही त्यांची भिंत दिसली. टेकडीच्या पोटात त्यांचं ऐसपैस, दोन तोंडांचं बीळ होतं. घरात माणसं तीनच. ते स्वतः, त्यांची बायको कावेरी आणि त्यांची म्हातारी आई. आईला सगळे जिजी म्हणत. (साळिंदरांना मी माणसं का म्हटलं असं विचारू नका. पुढे कळेल.)

स्वयंपाकघर कावेरीचं होतं. त्र्यंबकराव तिथे फक्त जेवायला यायचे. म्हणूनच ते कसं दिसावं याबद्दल त्यांची मतं फार ठाम होती.

त्यांनी सुतारपक्ष्याला बोलावलं. त्याने भिंतीवर दोनदा टकटक केलं, मान तिरकी केली आणि म्हणाला, "चारी भिंतींना सागवानी पट्टी म्हणजे तीन पोती मोहाची फुलं. माझी मजुरी वेगळी."

"आणि स्वस्तात करायचं म्हटलं तर?"

"स्वस्तात शेणाने सारवून घ्या," असं म्हणून सुतारपक्षी उडून गेला.

त्र्यंबकराव दोन दिवस जेवले नाहीत. म्हणजे जेवले, पण भिंतीकडे बघत जेवले. कावेरीने सुरणाची भाजी इतकी झकास केली होती, तिच्याबद्दल तोंडातून अवाक्षर नाही. तिसऱ्या दिवशी केर काढताना कावेरीच्या झाडूपुढे एक गळून पडलेला काटा आला. लांब, गुळगुळीत, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा. त्र्यंबकरावांनी तो उचलला, भिंतीवर आडवा धरला आणि त्यांचे डोळे चमकले.

"अगं, बघ! सागवान झक मारेल! आणि घरच्या घरी!"

आपला हात जगन्नाथ म्हणतात, ते असं. त्र्यंबकरावांनी बिळाचे कोपरे धुंडाळले. गळालेले काटे सतराच निघाले. बाभळीच्या डिंकाने ते चुलीमागे चिकटवले, तर हातभर पट्टी झाली. हातभर पट्टी ही फार वाईट गोष्ट असते, बाळांनो. ती नसली तर काही वाटत नाही. ती असली की उरलेली भिंत उघडी वाटू लागते.

मग त्र्यंबकरावांनी आपल्या पाठीवरचा एक काटा उपटला. डोळ्यांत पाणी आलं. दुसरा उपटला. कलेसाठी थोडं सोसावं लागतंच, असं ते म्हणाले आणि आठवडाभरात पाठ सोललेल्या रताळ्यासारखी करून मोकळे झाले. दोन भिंती पुऱ्या झाल्या. दोन उरल्या.

त्यांनी कावेरीच्या पाठीकडे पाहिलं.

"हात लावून तर बघा!" कावेरी म्हणाली. "काटे काय देवाने शोभेला दिलेत? उद्या बिबट्या आला तर काय कराल? पट्टी दाखवाल?"

"बिबट्या!" त्र्यंबकराव हसले. "अगं, किती वर्षं झाली बिबट्या येऊन? माझ्या जन्मात मी पाहिलेला नाही. न येणाऱ्या जनावरासाठी एवढं सामान पाठीवर नुसतं पडून आहे. वापरात आणायला नको?"

आता बिबट्या का येत नव्हता, हे मी सांगतो. फार पूर्वी एका बिबट्याने साळिंदराला तोंड लावलं होतं. पुढे वर्षभर त्याला धड पाणीसुद्धा पिता आलं नाही. त्याने ते आपल्या पोरांना सांगितलं, पोरांनी नातवंडांना. बिबट्या येत नव्हता कारण काटे होते. आणि बिबट्या येत नव्हता म्हणून काटे नको होते. असा विचार करणाऱ्याला त्या जंगलात अभ्यासू म्हणत.

कावेरी काही बधली नाही. तेव्हा त्र्यंबकराव जिजीकडे गेले. जिजी तिच्या नेहमीच्या जागी, चुलीच्या उबेला बसली होती.

"जिजी, तू तर आता बिळाबाहेरही पडत नाहीस."

"नाही रे. गुडघे धरतात."

"मग हे काटे तुला कशाला? नुसतं ओझं. आणि बघ, तुझ्यासारखे लांब काटे अख्ख्या वस्तीत कोणाचे नाहीत."

म्हातारीला ते ऐकून बरं वाटलं. तिच्या रूपाबद्दल कोणी बोलून कैक वर्षं झाली होती. तिने लेकाकडे पाठ केली.

"घे बाबा. तुला कधी नाही म्हटलंय का मी?"

हे वाक्य मला आजही सहन होत नाही. पण त्र्यंबकरावांना झालं. त्यांनी तेवढ्यात चिमटा लावलासुद्धा.

चारी भिंती पुऱ्या झाल्या. जिजीचे सगळ्यात लांब काटे अगदी वर, छताखालच्या ओळीत बसले. खरं सांगायचं तर पट्टी दिसत होती सुरेख. एवढी सुरेख, की संध्याकाळी कावेरीने तेल तापवून मोहरी टाकताच त्र्यंबकराव किंचाळले, "फोडणी नको! धूर बसेल! पांढरं पिवळं पडेल!"

"मग आमटीला काय पट्टी घालू?"

"पुढच्या दारात चूल मांड ना. आता हे दाखवायचं स्वयंपाकघर आहे."

कावेरीने चूल उचलली आणि पुढच्या दारात मांडली. जिजीची ऊब गेली. ती बिचारी उघड्या पाठीने कोपऱ्यात कुडकुडत बसायची, आणि त्र्यंबकराव तिला म्हणायचे, "भिंतीला टेकू नकोस हं जिजी."

मग टिटवी आली. तिने डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, आणि जी आकाशात गेली ती दिवसभर खाली आली नाही.

"त्र्यंबकरावांची पट्टी बघा! खर्च शून्य! सगळे काटे स्वतःच्या पाठीचे! स्वतःच्या आणि म्हाताऱ्या आईच्या! पाठीवर एकही ठेवला नाही!"

सगळ्या जंगलाने ते ऐकलं. टेकडीपलीकडे झोपलेल्या एका तरुण बिबट्यानेही ऐकलं. त्याने एक डोळा उघडला. मग दुसरा उघडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. पुढच्या दारात कावेरी आमटीला लसणाची फोडणी देत होती. तिची काट्यांनी भरलेली पाठ झुडपातून दिसताच त्याला आजोबांची गोष्ट आठवली. तो मुकाट्याने वळसा घालून मागच्या दाराने आत शिरला.

आत त्र्यंबकराव पट्टीवरची धूळ पुसत होते. त्यांनी बिबट्याला पाहिलं आणि त्यांच्या वाडवडिलांनी जे केलं असतं तेच केलं. पाठ फिरवली, पाय आपटले आणि काटे फुलवले. काहीच फुललं नाही. त्यांनी धडपडत भिंतीवरचा एक काटा ओढला. तो हलला नाही. दुसरा ओढला, तोही हलला नाही. डिंक उत्तम प्रतीचा होता.

तेव्हा जिजी उठली. गुडघ्यांवर हात ठेवून, कण्हत उठली. लेकाच्या आणि बिबट्याच्या मधे जाऊन तिने आपली बोडकी पाठ बिबट्याकडे केली आणि पाय आपटले.

"त्र्यंबक, पळ!" ती म्हणाली.

त्र्यंबकराव पळाले.

त्यांची किंकाळी ऐकून कावेरी पाठमोरी धावत आत घुसली. आपल्या पाठीवरचे वीसेक काटे तिने बिबट्याच्या खांद्यात रुतवले. बिबट्या गुरगुरत मागच्या दाराने पळून गेला. पण तोंडातलं त्याने सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सगळी वस्ती भेटायला आली. सुतारपक्षी आला, टिटवीही आली. सगळे त्या स्वयंपाकघरात माना खाली घालून बसले.

"जिजी म्हणजे अख्ख्या वस्तीची आई होती हो."

"होती ना. फार वाईट झालं."

मान किती वेळ खाली घालणार? हळूहळू एकेकाची मान वर येऊ लागली.

"ही वरची ओळ..." सुतारपक्ष्याने हलक्या आवाजात विचारलं.

"जिजीचे काटे," त्र्यंबकराव म्हणाले आणि त्यांना रडू कोसळलं. खरं रडू होतं ते. मी खोटं सांगणार नाही. मग त्यांनी डोळे पुसले, नाक पुसलं आणि म्हणाले, "एकही जोड नाही बघा. इकडून तिकडे अखंड लांबी."

"किती सुंदर आठवण जपलीत!" टिटवी गहिवरून म्हणाली.

"आठवण?" दारातून कावेरी म्हणाली. "ते काटे तिच्या पाठीवर असते तर आठवण कशाला लागली असती? ती स्वतः बसली असती इथे."

मग कोणीतरी हळूच म्हणालं, "सासूवर फार जीव होता तिचा. डोक्यावर परिणाम झालाय." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पुन्हा वर पाहिलं.

त्याच संध्याकाळी टिटवी आकाशात ओरडत होती, "आठवणीची पट्टी! ज्या घरात आई-बापांच्या आठवणीची पट्टी नाही, तिथे माया नाही!"

आणि टेकडीवरच्या प्रत्येक बिळात एकेक मुलगा हातात चिमटा घेऊन म्हणत होता, "आई, जरा पाठ कर बघू इकडे."

झुडपाखाली बिबट्या खांदा चाटत ऐकत होता. त्याला काहीच घाई नव्हती.

तात्पर्य: घरात म्हातारी माणसं असतील तर त्यांची आठवण ती जिवंत असतानाच भिंतीवर लावून घ्यावी. एकदा बिबट्या येऊन गेला की हाती काहीच लागत नाही, आणि मग सागवान विकत आणावं लागतं.